कार्ड की दुसरी डिस्क?

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. आमच्या स्टुडिओसाठी नवा कॉम्प्युटर जुळवायचा ठरला, तेव्हा सुट्या भागांची पहिली यादी मी केली होती. वर झोकात मथळा दिला होता, ‘व्हिडिओ एडिटिंगसाठी’. खरं म्हणजे ती यादी होती गेम खेळायच्या कॉम्प्युटरची! बाबांच्या नावावर मी स्वतःची हौस भागवून घेणार होते.

सगळं सांगते. पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आमचा स्टुडिओ चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. स्टुडिओ म्हणजे फार काही नाही हं! रस्त्याकडेचा एक गाळा. पुढच्या बाजूला पासपोर्ट फोटोचा पडदा आणि एक स्टूल, मागे प्लायवूडची भिंत घालून केलेली बाबांची एडिटिंगची खोली. लग्नं, मुंजी, बारशी, गणपती, शिमग्याच्या पालख्या, बाबा सगळ्याचं शूटिंग करतात आणि मग त्या खोलीत बसून ते जोडतात. २००५ सालच्या पुरात या गाळ्यात कमरेएवढं पाणी आलं होतं. तेव्हापासून बाबांनी भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक जाड फळी ठोकली होती. पावसाळ्यात रात्री दुकान बंद करताना कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क उचलून फळीवर ठेवायचे आणि मगच शटर ओढायचे. एक दिवससुद्धा चुकले नाहीत.

२१ जुलै २०२१ च्या रात्रीही त्यांनी सगळं वर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी गावात शिरलं. ते कमरेला थांबलं नाही, फळीला थांबलं नाही, माळ्यापर्यंत गेलं.

पाणी ओसरल्यावर शटर उघडायलाच चार माणसं लागली. आत गुडघाभर चिखल. फळी तिथेच होती, तिच्यावर कॉम्प्युटरही होता, पण हार्ड डिस्क उचलली तर तिच्यातून चहासारखं पाणी गळायला लागलं. माझा मामा म्हणाला, “उन्हात वाळवून लावून तर बघू.” बाबांनी नको म्हटलं. ते बरोबर होतं. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या गरगर फिरत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर तरंगत असते. दोघींमधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतं. तिथे मातीचा कण अडकला आणि डिस्क फिरवली, की उरलंसुरलंही खरवडून निघतं. म्हणून बाबांनी ती तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला, असली माहिती परत काढून देणाऱ्यांकडे पाठवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. काही निघालं नाही.

बहुतेक लग्नांच्या फिल्म बाबांनी आधीच लोकांना दिलेल्या होत्या. तीन राहिल्या होत्या. त्यातलं एक लग्न फेब्रुवारी २०२१ मधलं. नवरीच्या आजोबांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं स्वतःच म्हटली होती. पुढे लॉकडाऊन लागला, बाबा आजारी पडले, काम मागे पडलं. मे महिन्यात ते आजोबा गेले. आणि जुलैत डिस्क गेली.

बाबा त्यांच्याकडे आगाऊ घेतलेले पैसे परत द्यायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. नवरीच्या वडिलांनी पाकीट घेतलंच नाही. रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, “पैशांचं काय घेऊन बसलात हो. अण्णांचा आवाज गेला.”

परत येताना बाबा वाटभर बोलले नाहीत.

त्यानंतर सव्वा वर्ष त्यांनी उसन्या लॅपटॉपवर काम काढलं. तासाभराची फिल्म तयार करायला लावली, की लॅपटॉप चार-चार तास घरघरत बसायचा. मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून! मग ऑक्टोबर २०२२ मध्ये आईची भिशी लागली. पन्नास हजार रुपये. आईनं ते बाबांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, “तुळशीचं लग्न झालं की तुमचे मुहूर्त सुरू होतील. त्याआधी कॉम्प्युटर घ्या.”

मी तेव्हा अकरावीत होते. घरात कॉम्प्युटरमधलं ‘कळणारी’ मीच. म्हणजे असं मला वाटायचं! एका रात्रीत मी यादी केली. सहा कोअरचा प्रोसेसर, झगमगणारं काचेचं कॅबिनेट आणि यादीचा राजा म्हणजे साडेपंधरा हजारांचं ग्राफिक्स कार्ड. सगळं मिळून पन्नास हजारांत बसवायचं म्हणून मी काय काय कापलं होतं, तेही सांगते. हार्ड डिस्क लहानशी आणि एकच. यूपीएस नाही. आणि पॉवर सप्लाय, तो कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो.

बाबांनी चष्मा लावून यादी वाचली. कार्डावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाय, हे आपल्या कुठल्या कामाला लागतं?”

“एडिटिंगला.”

“आपलं सॉफ्टवेअर वापरतं का ते?”

मी म्हटलं, “वापरतच असणार!” बाबा काही बोलले नाहीत. यादी घडी करून खिशात ठेवली. मला राग आला. यांना काय कळतंय, आता वाचून दाखवतेच म्हटलं, आणि हट्टाला पेटून वाचायला बसले. चार रात्री वाचलं. आणि पहिल्या रात्रीच माझी पंचाईत झाली.

झालं काय, की एडिटिंग म्हणजे कॉम्प्युटर नेमकं काय करतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे? बघा हं. बाबांचा कॅमेरा एका सेकंदात ५० चित्रं काढतो. प्रत्येक चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, एकेक बाइटचे. करा गुणाकार! सेकंदाला एकतीस कोटी बाइट होतात. हे सगळं जसंच्या तसं लिहायचं ठरवलं, तर ३२ जीबीचं मेमरी कार्ड पावणेदोन मिनिटांत भरेल. अंतरपाट धरेपर्यंत कार्ड संपलं!

प्रत्यक्षात कॅमेरा सेकंदाला जेमतेम पस्तीस लाख बाइट लिहितो. नव्वदाव्या हिश्शाएवढं. कसं? तर तो लबाडी करतो. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फर्रकन सोडायचा खेळ तुम्ही केला असेल. समजा, पहिल्या पानावर पूर्ण चित्र काढलं आणि पुढच्या वीस-पंचवीस पानांवर फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ तेवढंच लिहिलं. भटजी हलले नाहीत, मांडव हलला नाही, फक्त नवरीचा हात वर गेला. मग तेवढा हातच नोंदवायचा. कॅमेरे हेच करतात. या पद्धतीचं नाव एच.२६४, ती २००३ मध्ये आली.

नुसती फिल्म बघायची असेल तर यात काही त्रास नाही, पानं ओळीनं उलटत जायची. पण एडिटिंगमध्ये आपण मध्येच उडी मारतो. अठराव्या पानावर कापायचं असेल तर कॉम्प्युटरला मागे पहिल्या पानापर्यंत जाऊन सतरा पानांचे बदल भराभर मांडत यावं लागतं, तेव्हा कुठे अठरावं चित्र दिसतं. आणि आपण तर माउस पुढे-मागे, पुढे-मागे करत असतो! उसना लॅपटॉप का धापा टाकायचा, ते मला त्या रात्री कळलं. फिल्म ‘मोठी’ असते म्हणून नाही, ती घट्ट गुंडाळलेली असते म्हणून.

मग प्रश्न असा, की ही गुंडाळी सोडवायचं काम कॉम्प्युटरमध्ये कोण करतं? इथेच माझ्या यादीचं दिवाळं निघालं. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत पडद्यावर चित्र दाखवणारा एक भाग आतच असतो आणि त्यात याच कामासाठी घडवलेला एक तुकडा असतो. २०११ पासून तो येतो, नाव क्विक सिंक. बाबा वर्षानुवर्षं एडियस वापरतात. लग्नाचं काम करणारे पुष्कळ जण तेच वापरतात. आणि एडियसला एच.२६४ च्या कामात हा तुकडा उपयोगी पडतो. त्याचा भर कार्डापेक्षा प्रोसेसरवर.

आता माझी हुशारी बघा. मी निवडला होता आय५-१२४००एफ. साध्या आय५-१२४०० पेक्षा दोन-अडीच हजारांनी स्वस्त, दोघांनाही कोअर सहाच, म्हणून मी खूश. पण शेवटचं ते एवढंसं ‘एफ’ म्हणजे काय, तर ‘यात चित्राचा भाग नाही’! म्हणजे बाबांना ज्याची गरज होती तेच मी काढून टाकलं होतं, आणि त्यामुळे कार्ड घेणं भागच पडणार होतं. माझ्या मनासारखं.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यावर रागवेल. हे आमच्या सॉफ्टवेअरचं झालं. दा विंची रिझॉल्व्ह वापरणार असाल तर हिशेब उलटा होतो, कारण ते बरंचसं काम ग्राफिक्स कार्डावर टाकतं. तिथे मी स्वतःच म्हणेन, कार्डासाठी पैसे राखून ठेवा. केडीएनलाइव्ह किंवा शॉटकटसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स कार्डाशिवायही साधं काम चालवून नेतात. म्हणून आधी सॉफ्टवेअर ठरवायचं आणि मग दुकानात जायचं. मी नेमकं उलटं केलं होतं.

आवाजाचं वाचलं तेव्हा आणखी गंमत कळली. मला वाटायचं, व्हिडिओला एवढं लागतं तर ऑडिओलाही बरंच लागत असणार. छे! चांगल्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० नोंदी. एक नोंद दोन बाइटची, डावा-उजवा असे दोन कान. सगळे मिळून दोन लाख बाइटसुद्धा होत नाहीत. तासाचा आवाज जेमतेम ७०० एमबी. हे काम जुना कॉम्प्युटरही हसत करतो. आवाजाच्या कामाला ताकद लागत नाही, शांतता लागते. पंखा घोंघावणारा नको. आणि भिंतीतलं अर्थिंग नीट हवं, नाहीतर हेडफोनमध्ये सतत ‘हूंऽऽ’ असा ५० हर्ट्‌झचा सूर लागून राहतो. आमच्या गाळ्यात तो होताच. पुरानंतर वायरिंग बदललं होतं, पण अर्थिंगची तार कुठेतरी सुटली होती. शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांनी तासाभरात नीट करून दिली. ऑडिओसाठी आम्ही केलेला हा सगळ्यात मोठा सुधार, आणि तो कॉम्प्युटरच्या यादीत कुठे नव्हताच!

एवढं सगळं कळूनही मी बाबांना काही सांगितलं नाही. कार्ड मनातून जाईना. म्हटलं, दुकानात गेल्यावर बघू.

शुक्रवारी रात्री आम्ही कोकणकन्या पकडली, पहाटे ठाण्याला उतरलो आणि डोंबिवलीला मावशीकडे गेलो. नाश्ता करून मावसभावाला बरोबर घेतलं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी जुनंच नाव. काय सांगू तुम्हाला! दुकानाला चिकटून दुकान, वरच्या मजल्यावर आणखी दुकानं, फुटपाथवर वायरींचे ढीग, हातगाडीवर मॉनिटरचे खोके. मला तर दिवाळी आठ दिवस आधीच आल्यासारखं झालं.

तिसऱ्या की चौथ्या दुकानात एक जण म्हणाला, “कार्ड हवंय ना? जुनं आहे, आठ हजारांत देतो.” काउंटरखाली तसली कार्डं विटांसारखी रचून ठेवली होती. माझे डोळे चमकले. मावसभावानं मला कोपरानं ढोसलं. ही कार्डं म्हणे ‘खाणीतली’ होती. खाण म्हणजे दगडाची नव्हे हं. इथेरियम नावाचं आभासी चलन मिळवायला लोक अशी शेकडो कार्डं दिवसरात्र गणितं सोडवायला जुंपत. त्यापायी २०२१ मध्ये नवी कार्डं मिळेनाशी झाली होती आणि भाव आभाळाला टेकले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनानं आपली पद्धतच बदलली, ती गणितं बंद झाली आणि जुंपलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही. पण किती तास पळाली आहेत ते कळायला मार्ग नाही आणि गॅरंटी नाही. बाबा म्हणाले, “मीटर तोडलेली जुनी रिक्षा घेण्यातला प्रकार.”

दुसऱ्या दुकानातला माणूस मात्र चांगला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि आधी विचारलं, “काम काय करता?” बाबांनी सांगितलं. त्यानं दोन पर्याय ठेवले. एएमडीचा रायझन ५ ५६००जी, किंवा इंटेलचा आय५-१२४००. पहिला स्वस्त, आणि त्याच्या आतला चित्राचा भाग गेम खेळायला जास्त जोरदार. दुसऱ्यात क्विक सिंक. ‘गेम’ हा शब्द ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कार्ड नाही तर निदान हा!

बाबा माझ्याकडे वळले. खिशातून माझीच यादी काढली, उलगडली आणि म्हणाले, “तू चार रात्री वाचत होतीस. आपल्या कामाला कुठला?”

खोटं बोलता आलं असतं. बाबांनी मान डोलावली असती. पण मला एकदम ते पाकीट आठवलं, न घेतलेलं.

मी म्हटलं, “बाबा, बारा चारशे. एफ नसलेला. आणि कार्ड नको. ते मी माझ्यासाठी लिहिलं होतं.”

बाबा हसले. “ते मला यादी वाचतानाच कळलं होतं,” म्हणाले. “कॅबिनेटला दिवे कशाला, असं विचारणार होतो, पण म्हटलं तुझं तुलाच कळू दे.”

मावसभाऊ खो खो हसत सुटला. मेला!

मग पटापट ठरत गेलं. प्रोसेसर १७,४००. मदरबोर्ड एच६१० चा, साधा, ७,२००. रॅम १६ जीबी. पण एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, ४,००० ला. बादली एका नळाखाली भरण्यापेक्षा दोन नळांखाली लवकर भरते ना, तसंच. शिवाय आतला चित्राचा भाग याच रॅममधून पाणी पितो, त्याला तर दुसरा नळ हवाच. विंडोज आणि चालू कामासाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ३,४००. आमच्या एका लग्नात दोन कॅमेऱ्यांचं मिळून आठेक तासांचं शूटिंग होतं, म्हणजे शंभर जीबी. एसएसडीवर एका वेळी दोन-तीन लग्नं मावतात, तेवढी पुरेत. काम झालं की ते मोठ्या, स्वस्त डिस्कवर हलवायचं.

पॉवर सप्लायपाशी दुकानदारानं एक गंमत करून दाखवली. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा डबा आणि चांगल्या कंपनीचा डबा माझ्या दोन हातांत दिला. दोघांवर ४५० वॉट लिहिलेलं. फुकटवाला रिकाम्या टिफिनसारखा हलका! “वॉट कागदावर छापायला पैसे पडत नाहीत,” तो म्हणाला. नुसत्या वजनावरून पारख करायची नसते, तेही त्यानं सांगितलं. ८० प्लसचा शिक्का बघायचा, गॅरंटीची वर्षं बघायची. वीज ज्या भागातून सगळ्यांना पोचते, तोच बिघडला तर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो. चांगला घेतला, २,९०० ला. कॅबिनेट बिनदिव्याचं, जाळीचं, २,१०० चं. त्यातून हवा छान खेळते आणि पंखा ओरडत नाही.

मग डिस्क. आतली दोन टीबीची ४,१०० ची. आणि तेवढीच बाहेरून जोडायची, ४,९०० ची. दुकानदार म्हणाला, “दोन कशाला? एकच मोठी घ्या, स्वस्त पडेल.” बाबा म्हणाले, “नाही. दोनच.” आवाज असा होता, की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

यूपीएस चिपळूणलाच घेतला, २,९०० चा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज येते ती केवळ जाऊन येण्यासाठी. ६०० व्हीएचा यूपीएस काही तासभर चालत नाही, पण काम जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करायला पुरतो. मॉनिटर मावसभावाचा जुना. हेडफोन बाबांचाच, तो पुराच्या रात्री घरी राहिला होता म्हणून वाचला. एकूण ४८,९००. उरले ११००. त्यात वडापाव आणि परतीची तिकिटं.

(हे भाव तेव्हाचे, बरं का. २०२५ संपता संपता रॅमचे भाव भलतेच चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना रॅम पोत्यानं लागायला लागली. प्रोसेसरही तेव्हापासून नवे आले. तेव्हा माझी यादी घेऊन दुकानात जाऊ नका, तुमची तुम्ही करा.)

कॉम्प्युटर आम्ही दोघांनी घरीच जोडला. ती गंमत वेगळी सांगण्यासारखी आहे, पण आज नको. एवढंच सांगते, की पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडद्यावर काहीच आलं नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. रॅमची एक पट्टी नीट बसली नव्हती. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची असते, मी घाबरत घाबरत ठेवली होती.

बाबांना वाटलं होतं, पहिलं काम तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताचं. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मी त्या नवरीताईला फोन केला आणि विचारलं, “लग्नात कुणीकुणी मोबाइलवर शूटिंग केलं होतं का?” ती म्हणाली, “सगळ्यांनीच! पण ग्रुपवर आहे ते अगदी धुरकट आहे.” ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ पिळून बारीक होतो. म्हणून मी सांगितलं, ज्याच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ असेल त्यानं तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे जसाच्या तसा येतो. पंधरा दिवसांत नऊ जणांकडून एकेचाळीस तुकडे आले.

काही फोनांनी एच.२६५ मध्ये घेतलेले. ती २०१३ ची पद्धत, गुंडाळी आणखी घट्ट. नवा प्रोसेसर त्यांनाही डगमगला नाही. पण आवाज आणि चित्र जुळेचना! सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर, पाच मिनिटांनी आवाज पुढे आणि ओठ मागे. दोन दिवस डोकं खाल्लं त्यानं. कारण असं, की उजेड कमी झाला की पुष्कळ फोन चित्रं काढायचा वेग गुपचूप कमी करतात, आवाज मात्र आपल्या ठरल्या चालीनं चाललेला असतो. सगळे तुकडे आधी एकाच ठरावीक वेगात बदलून घेतले, तेव्हा ते ताळ्यावर आले. मग नऊ फोनांची तोंडं एकमेकांशी जुळवायची. सिनेमावाले त्यासाठी पाटी वाजवतात. आमच्याकडे पाटी कुठली? पण ‘सावधान’ होतं ना! आवाजाच्या आलेखात प्रत्येक ‘सावधान’नंतर वाजंत्री एकदम उसळते. ती टोकं एकाखाली एक धरली, की नऊच्या नऊ फोन एका मांडवात उभे राहिले.

सातव्या फोनात आजोबा सापडले.

नवरीच्या कुठल्याशा मामेभावानं मागच्या रांगेतून घेतलं होतं. चित्र हलतं, मध्ये कुणाचा तरी फेटा, डोक्यावर पंख्याची घरघर, एक बाळ रडतंय. पण सगळीच्या सगळी मंगलाष्टकं, आजोबांच्या आवाजात, अगदी पहिल्या शब्दापासून. बाबांनी हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत बसले.

मग त्यांनी घरघर काढायला घेतली. सॉफ्टवेअरला थोडा वेळ नुसता पंखा ऐकवायचा, म्हणजे ते तेवढाच सूर वजा करत जातं. मी म्हटलं, “अजून काढा ना, पूर्णच घालवा.” त्यांनी काटा पुढे सरकवून दाखवला. पंखा गेला, पण आजोबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. बाबांनी काटा लगेच मागे घेतला. “पंखा राहू दे थोडा,” म्हणाले. “मांडवात होता तो.”

अकरा मिनिटांची फिल्म झाली. पेन ड्राइव्ह द्यायला बाबा एकटेच गेले. काय झालं ते त्यांनी आल्यावर सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. एक डबा तेवढा हातात होता, करंज्यांचा.

बाहेरून जोडायची ती दुसरी डिस्क आमच्या स्टुडिओत राहत नाही. घरीही नाही. दर रविवारी आठवड्याचं काम तिच्यावर उतरवून घ्यायचं, आणि मग मी सायकलवरून चढ चढून आत्याकडे ती पोचवते. आत्याचं घर टेकडीवर आहे, नदी तिथून दोऱ्यासारखी दिसते. कपाटात तांदळाच्या डब्याशेजारी एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर, ती झोपते. पहिल्यांदा नेली तेव्हा आत्यानं डबा उघडून बघितलं, पुन्हा लावला आणि म्हणाली, “एवढ्याशा डबीत अख्ख्या गावाची लग्नं? बरं, हिला काही खायला-प्यायला घालावं लागतं का गं?”